‘ऑल्दो’ला जोडीदार लागत नाही



मागच्या महिन्यात एका संध्याकाळी माझा भाचा घरी आला. हातात एक छापील कागद होता. म्हणाला, “खाला, एवढं एकदा वाचून बघा ना. आज रात्रीच मेल करायचंय.”

दोहाच्या एका कंपनीला एसी टेक्निशियन हवे होते. त्या जागेसाठी त्याने अर्ज लिहिला होता. मुलगा आयटीआय झालेला, मिरजोळे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये तीन वर्षं काम केलेला. मोहल्ल्यात कोणाचा फ्रिज बंद पडला तर आधी त्यालाच हाक मारतात. हाताला गुण आहे. पण कागदावर इंग्रजी लिहायचं म्हटलं की घाम फुटतो. अर्जातलं दुसरंच वाक्य असं होतं:

“ऑल्दो आय हॅव नो गल्फ एक्सपीरियन्स, बट आय हॅव थ्री इयर्स एक्सपीरियन्स इन रत्नागिरी.”

मी म्हटलं, “या वाक्यात एक शब्द जास्तीचा आहे. ओळख कोणता.”

त्याने वाक्य तीनदा वाचलं. आधी ‘नो’वर बोट ठेवलं, मग ‘हॅव’वर. ‘बट’कडे त्याचं लक्षही गेलं नाही. आणि जास्तीचा शब्द तोच होता.

ही चूक त्याची एकट्याची नाही. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवताना मी ती हजार वह्यांत लाल पेनाने खोडली आहे. म्हणून या महिन्याचा धडा ‘ऑल्दो’चा.

चूक येते कुठून?

चूक येते आपल्याच भाषेतून. आपण मराठीत म्हणतो, “जरी पाऊस होता, तरी आम्ही गेलो.” ‘जरी’ आलं की पुढे ‘तरी’ येतंच. ही जोडीच आहे. एकवेळ ‘जरी’ गाळलं तरी चालतं, “पाऊस होता तरी आम्ही गेलो”, पण ‘तरी’ गाळून पाहा. “जरी पाऊस होता, आम्ही गेलो.” कानाला कसं अर्धवट वाटतं! ज्यांची मुलं उर्दू माध्यमात शिकतात त्यांनाही हेच. उर्दूत ‘अगरचे’ म्हटलं की पुढे ‘लेकिन’ किंवा ‘फिर भी’ आपोआप तोंडात येतं.

त्यामुळे आपलं मूल इंग्रजी लिहायला बसलं की ‘जरी’च्या जागी ‘ऑल्दो’ ठेवतं आणि ‘तरी’च्या जागी काहीतरी हवंच म्हणून ‘बट’ ठेवून देतं. मूल बुद्धू आहे म्हणून असं होत नाही. त्याची मातृभाषा पक्की आहे म्हणून होतं. तेव्हा घरात कोणी ही चूक केली तर रागावू नका, कारण समजावून सांगा.

इंग्रजीचा नियम एवढाच: दोन वाक्यं जोडायला एकच जोडशब्द. एका दाराला एक कडी पुरते. ‘ऑल्दो’ असेल तर ‘बट’ नको, ‘बट’ असेल तर ‘ऑल्दो’ नको.

चूक: ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू द मार्केट.
बरोबर: ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी वेंट टू द मार्केट.
हेही बरोबर: इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू द मार्केट.

‘ऑल्दो’ने वाक्य सुरू केलं तर पहिला भाग संपताना स्वल्पविराम द्यायचा. जिथे आपल्याला ‘तरी’ म्हणावंसं वाटतं, तिथे इंग्रजीत फक्त हा स्वल्पविराम असतो. मी मुलांना सांगायची, “तुमचा ‘तरी’ इथे लपलाय.”

आजोबा ‘दो… यट’ लिहायचे, ते चूक होतं का?

काही घरांत आजोबांची जुनी इंग्रजी पत्रं जपून ठेवलेली असतात. त्यात “दो ही इज पुअर, यट ही इज ऑनेस्ट” अशा धर्तीची वाक्यं सापडतील. मग नातू विचारेल, “इथे तर दोन-दोन जोडशब्द आहेत!”

आजोबांचं चूक नव्हतं. जुन्या इंग्रजीत ‘दो’ आणि ‘यट’ ही जोडी चालायची. आपल्याकडे कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या, रेन आणि मार्टिनच्या व्याकरणावर शिकल्या. त्या काळच्या शिक्षणात ही जोडी होती. आज ती क्वचितच दिसते. म्हणजे ‘दो… यट’ हे जुनं झालं एवढंच, पण ‘ऑल्दो… बट’ हे जुन्या व्याकरणातही चूक आणि आजच्याही. दहावी-बारावीच्या मुलांनी हा फरक ध्यानात ठेवावा. ‘बट’ काढून ‘ऑल्दो’ घाला, असा प्रश्न पेपरात येतो आणि मुलं ‘ऑल्दो’ घालतात, पण ‘बट’ काढायला विसरतात. हातातला गुण जातो.

‘पण’ आणि ‘जरी’: मोठा कोण, धाकटा कोण?

आता थोडं मराठी व्याकरण. घाबरू नका, ते आपल्याच जिल्ह्यातलं आहे. कवी केशवसुत मालगुंडचे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांचे भाऊ मोरो केशव दामले हे मराठीचे मोठे व्याकरणकार, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झालं आणि आजही अभ्यासक ते उघडून बघतात.

मराठी व्याकरणात जोडशब्दांना उभयान्वयी अव्ययं म्हणतात. त्यांचे दोन मोठे गट आहेत. ‘पण’, ‘परंतु’ हे पहिल्या गटात. ते दोन बरोबरीची वाक्यं जोडतात. दोन्ही वाक्यं स्वतःच्या पायावर उभी असतात. ‘जरी-तरी’ दुसऱ्या गटात. तिथे एक वाक्य मुख्य आणि दुसरं त्याच्या आधाराने उभं असतं, म्हणजे गौण.

इंग्रजीतही हेच. ‘बट’ दोन भावांना शेजारी-शेजारी बसवतो. ‘ऑल्दो’ ज्या वाक्याला चिकटतो, त्याला धाकटा करतो. “ऑल्दो आय हॅव नो गल्फ एक्सपीरियन्स” एवढंच म्हणून थांबलात, तर ऐकणारा म्हणेल, “बरं, मग पुढे?” धाकटा एकटा उभा राहू शकत नाही.

भाच्याच्या अर्जाचं खरं काम इथेच होतं.

वजन कुठे पडतं?

‘बट’ खोडल्यावर भाचा म्हणाला, “खाला, मी आधी वेगळं लिहिलं होतं.” त्याने मोबाईलवर पहिला मसुदा दाखवला:

“आय कॅन रिपेअर ऑल टाइप्स ऑफ एसी, बट आय हॅव नो गल्फ एक्सपीरियन्स.”

व्याकरणात एकही चूक नाही. तरी हे वाक्य त्याचं नुकसान करणारं होतं. मी त्याच्या शेजारी दुसरं वाक्य लिहिलं:

“ऑल्दो आय हॅव नो गल्फ एक्सपीरियन्स, आय कॅन रिपेअर ऑल टाइप्स ऑफ एसी.”

दोन्ही वाक्यांत माहिती तीच. खोटं काहीच नाही. पण पहिलं वाक्य वाचून झाल्यावर साहेबाच्या डोक्यात राहील, “याला अनुभव नाही.” दुसरं वाचून झाल्यावर राहील, “याला काम येतं.” पहिल्या वाक्यात उणीव ‘बट’च्या मागून येते आणि शेवटची जागा पटकावते. दुसऱ्या वाक्यात ‘ऑल्दो’ तिला धाकटी करून आधी बसवतो आणि मुख्य जागा कामाला देतो.

हे इंग्रजीचंच आहे असं नाही. घरात सोयरिकीची बोलणी आठवा. मध्यस्थ सांगतो, “मुलगा स्वभावाने चांगला आहे, पण घर भाड्याचं आहे.” ऐकणाऱ्यांच्या कपाळावर आठी. तोच मध्यस्थ म्हणाला असता, “घर भाड्याचं आहे, पण मुलगा स्वभावाने फार चांगला आहे,” तर चहा गोड लागला असता. आणि कुवेतहून फोन करणारे अब्बा लेकीला म्हणतात, “मार्क चांगले पडले, पण गणितात कमी आहेत.” फोन ठेवल्यावर मुलगी आईला काय सांगते? “अब्बांना गणिताचे मार्क आवडले नाहीत.” पहिला अर्धा भाग तिच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. “गणितात थोडे कमी आहेत, पण एकूण मार्क छान पडले,” असं म्हणायला फोनचे पैसे जास्त पडत नाहीत.

भाच्याने मग एक सरळ प्रश्न विचारला. “खाला, अनुभव नाही हे लिहायचंच कशाला? काढूनच टाकू ना.”

मी नाही म्हटलं. जाहिरातीत गल्फचा अनुभव असल्यास प्राधान्य, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. लपवलं तर मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला उघडं पडणार, आणि मग खरं कामही खोटं वाटायला लागणार. उणीव सांगायची, पण तिला मुख्य जागेवर बसवायचं नाही. ‘ऑल्दो’ याच कामाचा शब्द आहे. तो खरं बोलू देतो आणि मान खालीही घालायला लावत नाही.

‘ऑल्दो’ कुठे शोभतो?

दोन गोष्टींत काही तरी अनपेक्षित असेल, तरच ‘ऑल्दो’ वापरावा. एक गोष्ट ऐकून माणूस दुसरीच अपेक्षा करेल, असं असलं पाहिजे. आपल्या आसपासची तीन उदाहरणं पाहा.

१. ऑल्दो रत्नागिरी गेट्स हेवी रेन, मेनी व्हिलेजेस नीड वॉटर टँकर्स इन मे.
जरी रत्नागिरीत धो-धो पाऊस पडतो, तरी मे महिन्यात अनेक गावांना टँकर लागतात. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हटल्यावर कोणीही पाण्याची सुबत्ता धरून चालेल. पण आपला जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. अपेक्षा एक, घडतं दुसरं.

२. ऑल्दो थिबा वॉज अ किंग, ही कुड नॉट गो होम.
जरी थिबा राजा होता, तरी तो आपल्या देशी परत जाऊ शकला नाही. इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेशाची गादी काढून घेतली, १८८६ साली त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ साली तो इथेच वारला. राजा म्हटल्यावर वाटतं, त्याला कोण अडवणार? तीस वर्षं अडवलं.

३. ऑल्दो द सी वॉज काम, द बोट्स स्टेड इन द हार्बर.
जरी समुद्र शांत होता, तरी होड्या बंदरातच राहिल्या. मिरकरवाड्यात राहणाऱ्यांना याचं कारण सांगायला नको. पावसाळ्यातली मासेमारीबंदी असली की समुद्र शांत दिसला तरी बाहेर जाता येत नाही.

आता हे वाक्य पाहा: “ऑल्दो माय अंकल लिव्ह्ज इन मुंबई, ही लाइक्स टी.” व्याकरण ठीक, अर्थ शून्य. मुंबईत राहणाऱ्याने चहा पिऊ नये, असं कोणालाच वाटत नाही. ‘ऑल्दो’ लिहिण्याआधी मुलांनी स्वतःला विचारावं, “यात आश्चर्य कशाचं आहे?” उत्तर सापडलं नाही, तर साधा ‘अँड’ वापरावा.

‘जरी’चे दोन अर्थ, इंग्रजीत दोन शब्द

इथे आणखी एक खड्डा आहे. “पाऊस पडला तरी आम्ही गेलो” आणि “पाऊस पडला तरी आम्ही जाऊ” या दोन्ही वाक्यांत मराठीने एकच ‘तरी’ वापरला. पण पहिल्यात पाऊस खरोखर पडला. दुसऱ्यात पडेल की नाही, ठाऊक नाही. इंग्रजी हा फरक शब्दातच दाखवते.

घडलेली, खरी गोष्ट असेल तर ‘ऑल्दो’, ‘दो’ किंवा ‘ईव्हन दो’: ईव्हन दो इट रेन्ड, वी वेंट.
घडेल की नाही याची खात्री नसेल तर ‘ईव्हन इफ’: ईव्हन इफ इट रेन्स, वी विल गो.

अर्जात याची गल्लत महाग पडते. “ईव्हन इफ आय हॅव अ डिप्लोमा” असं लिहिलं, तर वाचणारा विचारात पडतो: याच्याकडे डिप्लोमा आहे की नाही?

‘डिस्पाइट’चं दुखणं

‘डिस्पाइट’ आणि ‘इन स्पाइट ऑफ’ यांचा अर्थ ‘असूनही’. पण त्यांच्यानंतर पूर्ण वाक्य येत नाही. नाम येतं, किंवा ‘इंग’ लावलेलं क्रियापद.

ऑल्दो इट रेन्ड हेविली, द बस केम ऑन टाइम.
डिस्पाइट द हेवी रेन, द बस केम ऑन टाइम.
डिस्पाइट बीइंग इल, शी अपिअर्ड फॉर द एक्झाम.

आणि ‘डिस्पाइट ऑफ’ असं कधीही लिहू नका. ‘ऑफ’ फक्त ‘इन स्पाइट’च्या मागे येतो. मराठीत “मुसळधार पाऊस असूनही” म्हणता येत असेल तर ‘डिस्पाइट’, “जरी पाऊस पडला” म्हणायचं असेल तर ‘ऑल्दो’. एवढी खूण पुरते.

शेवटी येणारा ‘दो’

टीव्हीवर, मोबाईलवर मुलं ऐकतात: “इट वॉज एक्स्पेन्सिव्ह. इट वॉज गुड, दो.” वाक्य संपल्यावर मागून ‘दो’ कशाला? आपणही तसंच बोलतो. “महाग होतं. छान होतं पण!” बोलण्यातला हा शेवटचा ‘पण’ म्हणजेच तो ‘दो’. मात्र ‘ऑल्दो’ असा शेवटी येत नाही. आणि शेवटचा ‘दो’ गप्पांत शोभतो, अर्जात नाही.

आता स्पेलिंगच्या दोन गोष्टी. ‘ऑल’मध्ये दोन एल, पण ‘ऑल्दो’मध्ये एकच. हा शब्द मुळात ‘ऑल’ आणि ‘दो’ मिळूनच तयार झाला, म्हणून हात आपोआप दोन एल लिहितो. तिथे थांबायचं. दुसरं म्हणजे ‘दो’, ‘थ्रू’, ‘थॉट’ आणि ‘टफ’ हे चार शब्द दिसायला सख्खे भाऊ वाटतात. टी, ओ, यू, जी, एच सगळ्यांत आहेत, पण उच्चार आणि अर्थ चारही वेगळे. मोबाईल आपणहून शब्द सुचवतो तेव्हा ‘दो’च्या जागी ‘थॉट’ बसून जातो आणि पाठवल्यावर लक्षात येतं. पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचावं.

या महिन्याचा स्वाध्याय

घरातल्या मोठ्यांनी आणि मुलांनी मिळून सोडवा. प्रत्येक वाक्य इंग्रजीत लिहा, एकच जोडशब्द वापरून.

१. जरी ती आजारी होती, तरी तिने परीक्षा दिली. (‘ऑल्दो’ वापरा.)
२. गाडीला उशीर झाला तरी मी थांबेन. (गाडी अजून यायची आहे, हे ध्यानात ठेवा.)
३. उकाडा असूनही मुलं मैदानात खेळत होती. (‘डिस्पाइट’ वापरा.)
४. घर लहान आहे, पण हवेशीर आहे. (एकदा ‘बट’ने, एकदा ‘ऑल्दो’ने.)
५. स्वतःबद्दल एक खरी उणीव आणि एक खरा गुण ‘ऑल्दो’ने जोडून लिहा. गुण मुख्य वाक्यात आला पाहिजे.

पहिल्या चारांची उत्तरं पुढच्या अंकात. पाचव्याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं. ते मला पाठवायची गरज नाही, पण लिहून जवळ ठेवा. अर्ज लिहायची वेळ आली की उपयोगी पडेल. ‘हाउएव्हर’ आणि ‘व्हेअरॅज’ हे दोन शब्दही पुढच्या महिन्यात घेऊ, इन्शाअल्लाह.

भाच्याचं काय झालं, असं तुम्ही विचारणारच. त्याने त्या रात्री मेल पाठवला. तीन आठवड्यांनी मुंबईला ट्रेड टेस्टसाठी बोलावणं आलं. तो जाऊन आला, उत्तर अजून यायचं आहे. बोलावणं त्याच्या कामामुळे आलं, माझ्या व्याकरणामुळे नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण परवा त्याची धाकटी बहीण निबंध लिहीत होती आणि हा मागे उभा राहून तिला सांगत होता, “ए, ‘ऑल्दो’ लिहिलंयस ना? मग ‘बट’ खोड.”